मंगरूच्या जागी

निर्मलाबाईंच्या धान मिलमध्ये कुंडीवर जो कोणी उभा असेल, त्याचं नाव मंगरू. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण अड्याळात सगळ्यांच्या तो अंगवळणी पडला होता. कुंडी म्हणजे जमिनीत केलेला चौकोनी खड्डा. पोती आणायची, तोंड सोडायचं, धान खड्ड्यात ओतायचं. तिथून उभ्या पट्ट्यावर लावलेले डबे ते धान उचलून वर मशीनमध्ये टाकत. हे काम आठ वर्षांपासून मंगरूकडे होतं. मंगरू जवळच्या कोंढा गावचा. कामाला वाघ, बोलायला मुका, आणि बाईंच्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याने आजवर आपली जागा एक दिवसही रिकामी ठेवली नव्हती.

म्हणजे तो स्वतः रोज येत होता असं नाही. त्याच्या स्वतःच्या दोन बांध्या होत्या, त्यातलं धान कापायला आलं की त्याला शेतात जावंच लागे. कधी लग्न, कधी तेरवी, कधी बायको माहेरी. अशा वेळी तो आपल्या बदल्यात माणूस पाठवायचा. कधी चुलतभाऊ, कधी शेजारचा, कधी आणखी कोणी. तो माणूस सकाळी येऊन कुंडीवर उभा राही आणि बाई ऑफिसातून ओरडत, "मंगरू, बोरा आन गा!" की तो मुकाट्याने पोतं आणी. आठवड्याची मजुरी मंगरूच्याच हातात पडे, पुढे त्याने आणि त्याच्या माणसाने काय ते बघून घ्यावं. सोय होती. बाईंची होती, मंगरूची होती, बदली माणसाचीही होती. आसपासच्या सगळ्या मिलांत असंच चालतं, म्हणून एकट्या बाईंना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बाई तोंडाच्या फटकळ होत्या. नवरा गेल्यावर दिराने मिल विकायचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी दिरालाच मिलच्या फाटकाबाहेरचा रस्ता दाखवला होता. तेव्हापासून मिल एकटीने चालवली. त्यांना एका गोष्टीचा भारी अभिमान. कोणीही आलं की चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ऐकवायच्या, "दुसऱ्याच्या मिलमंधी दर महिन्याले मानसं बदलतेत. माहे सहा मानसं आहेत ते आहेत. एक बदलत नाही."

हा अभिमानच त्यांना महागात पडला.

झालं असं की मागच्या वर्षी पलीकडच्या तालुक्यात एका मिलमध्ये मजूर दगावला आणि मालकामागे कोर्टाच्या चकरा लागल्या. ती बातमी ताजी असतानाच चंद्रकुमार, विम्याचा एजंट, मोटारसायकल घेऊन दारात हजर. गोड बोलणारा पोरगा, पण खोटं बोलणारा नव्हता. त्याने नीट समजावून सांगितलं. विमा असो की नसो, कामावर माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, असा कायदा आहे. माणसाचं वय किती, मजुरी किती, अंग किती गेलं, त्यावर रक्कम ठरते. विमा काढला असेल तर ती कंपनी भरते. नसेल तर मालक भरतो, मग त्याने मिल विकून भरो की दागिने विकून.

"हप्ता किती?" बाईंनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला. वर्षाचा हप्ता मशीनच्या एका नव्या पट्ट्याच्या किमतीएवढाही नव्हता. बाईंना आश्चर्य वाटलं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"काकू, नावानं घ्याची का बिननावाची? बिननावाची घेतली त कोनीबी असो, कामावर होता एवढं पुरते. हप्ता जरासा जास्त पडते."

"बिननावाचा मानूस माह्या मिलमंधी कोनी नाही," बाई म्हणाल्या. "लिही नावं."

आणि त्यांनी सहाच्या सहा नावं घडाघडा सांगितली, त्यांच्या बापांच्या नावांसकट. मंगरूचं नाव पहिलं.

यंदा दिवाळी झाली, भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. आपल्याकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नसते. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. कोंढ्याच्या मंडईला मंगरूची बहीण गुड्डी नवऱ्याला आणि लहान मोनूला घेऊन नाकाडोंगरीहून आली होती. भाऊबिजेपासून मुक्कामच होता. त्यात मंगरूचं धान कापायला आलेलं, मिलमध्ये नव्या धानाची झुंबड उडालेली आणि बदलीला यंदा कोणी मोकळं नाही. तेव्हा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, स्वतःहून म्हणाला, मी उभा राहतो कुंडीवर. जावयाला कामाला लावायचं मंगरूला बरं वाटलं नाही, पण बांध्या ओरडत होत्या. भाटवा दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये यायला लागला. उंच, सडपातळ, हसरा गडी. बाईंनी मान वर करून पाहिलं, मंगरूचा भाटवा आहे एवढं ऐकलं, आणि दिवस संपायच्या आत तो मंगरू झाला.

डब्यांच्या पट्ट्यात कधीमधी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अडकते. मग बटण बंद करायचं, पट्टा पूर्ण थांबू द्यायचा आणि नंतरच हात घालायचा. हे मंगरूला बाईंनी स्वतः शिकवलं होतं, चांगलं दमात घेऊन. पण ते आठ वर्षांपूर्वी. भाटव्याला कोणीच काही सांगितलं नाही. सांगायचं कोणाला सुचलंच नाही, कारण कुंडीवर मंगरू उभा होता आणि मंगरूला सगळं येत होतं.

आठवडा होत आला, आणि एका दुपारी चहाच्या आधी पट्टा कुरकुरला. भाटव्याने चालू पट्ट्यात हात घातला.

बाई ऑफिसातून धावत आल्या तोवर कोणीतरी बटण बंद केलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. बाईंनी आपला पदर फाडून हात बांधला, मिलच्या पिकअपमध्ये त्याला मांडीवर घेतलं आणि थेट भंडाऱ्याचा दवाखाना गाठला. वाटभर त्या बोलत होत्या, "डोळे मिटू नको, मंगरू. मी आहो ना. मंगरू, इकडे पाह्य." तो पाहत होता. तिथे नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं, बाईंनी सांगितलं, मंगरू. गाव कोंढा. वय, बापाचं नाव, सगळं धडाधड. तो स्ट्रेचरवर पडल्या पडल्या बाईंकडे बघत राहिला. आठवडाभर तो त्याच नावाला ओ देत होता. हात फुटलेला असताना माणूस नावासाठी काय भांडणार? तेच नाव केसपेपरवर गेलं, तेच पोलिसांच्या नोंदीत गेलं.

घरी परतल्यावर बाईंनी चंद्रकुमारला फोन करून तेच नाव सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, तुह्यं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरू मिलच्या फाटकात उभा होता. दोन्ही हातांसकट.

बाईंनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्या विसरल्या होत्या असं नव्हे, कुंडीवर कोण होतं ते त्यांना ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं आणि ध्यानात येणं यात किती अंतर असतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. मंगरूचे डोळे रडून लाल झाले होते. "बाई, मीनंच पाठवलं जी त्याले," एवढंच तो म्हणत होता. "जावई मानूस. पाव्हना म्हनून आला होता."

चंद्रकुमार आला तेव्हा बाईंनी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवायला लागला.

"काकू, मी पाप सांगून राहिलो, तुमाले पटलं त घ्या," तो म्हणाला. "कागदावर मंगरू आहे. दवाखान्यात मंगरू, पोलिसात मंगरू, पॉलिसीत मंगरू. आपुन चूप राहाचं. कंपनी पैसे भरते, मंगरूच्या नावानं निंगते, मंगरू भाटव्याले देते. फक्त मंगरूनं पुन्हा तुमच्या मिलवर दिसाचं नाही. त्याचा हात गेला ना!"

"मी देतो जी सगळा पैसा," मंगरू लगेच म्हणाला. "एक रुपया ठेवत नाही. दुसरीकडे कामाले जाईन."

"अन् खरं सांगतलं त?" बाईंनी विचारलं.

"त मंग पॉलिसीत त्याचं नाव नाही. कंपनी हात वर करते. पन कायदा तुमचे हात धरते." चंद्रकुमारने आवाज खाली आणला. "हां, आनखी एक रस्ता आहे. म्हनाचं, तो आमचा मजूरच नोहता. साळ्याकडे पाव्हना आला होता, मिल पाहाले आला, हौसेनं हात घातला. मंग कंपनी नाही अन् तुमीबी नाही. त्याचं तो पाहून घेईन. परवा पोलीस जबाब घ्याले येतीन. त्याच्या आधी एक काय ते ठरवा."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यात त्यांना कोणी हरवू शकत नसे. उजवा हात, तरुण वय. खरं सांगितलं तर भरावी लागणारी रक्कम जवळजवळ तेवढीच होती, जेवढी त्यांनी तीन वर्षं साठवून तांदूळ निवडायच्या नव्या मशीनसाठी बाजूला ठेवली होती. ती मशीन आली तर मिल टिकणार होती. काळा दाणा, पिवळा दाणा वेगळा काढून दिल्याशिवाय आता व्यापारी तांदूळ घेत नव्हते. मशीन नाही आली तर दोन-तीन वर्षांत फाटकाला कुलूप, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दिराचं तोंड डोळ्यांसमोर आलं. आणि गप्प बसण्यात वाईट तरी कोणाचं होतं? भाटव्याला पैसे मिळत होते, मिल वाचत होती. कंपनीने हप्ता घेतला होता, कंपनी भरत होती. सहा माणसांचा विमा होता आणि कामावर सहाच माणसं होती, सातवं कोणी नव्हतं.

"चूप राहू," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली. हे त्या पुढे कोणालाही स्वतःहून सांगत, आणि सांगताना स्वतःवरच चिडत.

जबाबाच्या दिवशी सकाळीच बाई दवाखान्यात पोचल्या. सोबत डब्यात भात, वरण आणि थोडी वांग्याची भाजी. वॉर्डात भाटवा डोळे मिटून पडला होता, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवलेला. मंगरू भिंतीला टेकून उभा होता. खाली सतरंजीवर गुड्डी, तिच्या मांडीवर मोनू झोपलेला. बाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

तेवढ्यात नर्स कागद घेऊन दारात आली. हातावर आणखी एक ऑपरेशन करायचं होतं, त्यासाठी घरच्यांची सही हवी होती.

"मंगरूची बायको कोण आहे?"

गुड्डी उठली नाही.

"अहो, मंगरूची बायको! मघापासून आवाज देते आहे."

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने गुड्डीला हाताने ढोसलं. "तुलेच बलावून राहिली वं, मंगरूची बायको." वॉर्डात सगळे तिला त्याच नावाने ओळखत होते.

गुड्डीने मोनूला सतरंजीवर निजवलं आणि ती उभी राहिली. भिंतीला टेकलेल्या आपल्या सख्ख्या भावाकडे तिने पाहिलं नाही. त्यानेही तिच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तो तिथून निघाला आणि चपला घालायचंही भान न ठेवता वॉर्डाबाहेर गेला. नर्सने कागदावर बोट ठेवलं. "इथे सही करा. आणि इथे लिहा, पत्नी."

गुड्डी शिकलेली होती, निदान सही करण्यापुरती. तिने पेन घेतला. तो कागदावर टेकवला आणि परत उचलला.

"बाई," ती बाईंकडे न बघताच म्हणाली. आवाज अगदी बारीक. "भाऊबिजेले मीनं त्याले ओवाळलं. पाटावर बसवलं अन् टिळा लावला. आता माह्याच हातानं लिहू का, का मी त्याची बायको आहो म्हनून?"

बाईंनी डबा खाली ठेवला.

"मी लिहतो जी," गुड्डी घाईने म्हणाली, जणू आपण फार बोललो. "पैसा भेटला पाहिजे, हे समजते मले. हे आता कायचे कामाचे राहतेत? मोनूले वाढवाचं आहे. लोक हासतीन त हासू द्या. फक्त कोनी जोरानं नोका म्हनू. भाऊ इथंच असते, त्याले आयकू जाते."

बाई आयुष्यात पुष्कळ जणांवर ओरडल्या होत्या. हमालांवर, व्यापाऱ्यांवर, दिरावर. आता ओरडायला समोर कोणी नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण मनातल्या मनात केलेल्या त्या चोख हिशेबात ही बाई कुठे नव्हतीच. पैसे इकडून तिकडे जात होते, मशीन येत होती, मिल चालत होती, आणि एक बहीण भावाची बायको होत होती.

त्यांनी गुड्डीच्या हातातून पेन काढून घेतला.

"थांब. सही नोको करू. चाल माह्यासंगं."

नर्स म्हणाली, डॉक्टर थांबले आहेत. बाई म्हणाल्या, थांबू द्या, नाव चुकलेल्या माणसाचं ऑपरेशन कसं करता? आणि गुड्डीचा दंड धरून त्या जिना उतरल्या. जिन्याच्या पायरीवर मंगरू अनवाणी बसला होता. त्याला त्यांनी नुसतं म्हटलं, "वर जा. भाटव्यापाशी बस." मग चालता चालताच चंद्रकुमारला फोन लावला.

"मी खरं नाव सांगून राहिली."

"काकू, विचार करा. कंपनी एक रुपया देनार नाही."

"मालूम आहे."

"निदान पाव्हना होता म्हना! तुमचा मजूर नोहता म्हना!"

बाईंनी फोन बंद केला.

खिडकीवर तोच माणूस होता, ज्याने त्या दिवशी नाव लिहून घेतलं होतं. रांग होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं. नंबर आला तेव्हा त्यांनी केसपेपर पुढे सरकवला.

"यावरचं नाव चुकलं आहे. मीनंच चुकीचं सांगतलं. हा मंगरू नोहे."

माणसाने चष्म्यावरून पाहिलं. "पोलिसात गेलेली केस आहे, बाई. असं नाव बदलता येत नाही. अर्ज लागेल, आधार लागेल, पोलिसांना कळवावं लागेल."

"सगळं देतो. पोलिसाले मीच सांगतो, आता येनारच आहेत ते."

"बरं." त्याने कोरा कागद ओढला. "मग पेशंटचं खरं नाव काय?"

बाईंनी तोंड उघडलं.

आणि ते तसंच उघडं राहिलं. त्या माणसाने त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं धान ओतलं होतं. त्यांच्या हातचा चहा प्याला होता. त्याच्या रक्ताने भरलेलं लुगडं त्यांच्या अंगणात अजून वाळत होतं. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तो अड्याळहून भंडाऱ्यापर्यंत आला होता, आणि सबंध वाट त्या त्याला दुसऱ्याच माणसाच्या नावाने हाका मारत होत्या. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

"नाव, बाई. मागे लोक उभे आहेत."

बाईंनी गुड्डीकडे पाहिलं. गुड्डीने पदर सावरला. सासरी तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. घरातल्या कोणी बाईने काढलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"मोनूचे बाबा," ती म्हणाली.

"अहो, तसं कसं लिहू?"

गुड्डीने एकदा जिन्याकडे पाहिलं, जिथून तिला आता कोणी ऐकणार नव्हतं. मग ती खिडकीच्या जाळीला तोंड लावून स्पष्ट म्हणाली,

"सुखराम."

माणसाने लिहिलं. "कामाला कुठे असतो? का पाहुणा वगैरे?"

"सुखराम," निर्मलाबाई म्हणाल्या, नाव जिभेला लागावं म्हणून आधी तेवढंच. मग गुड्डीच्या पुढे होऊन त्यांनी खिडकीवर हात टेकला. "माह्या मिलमंधी कामाले आहे. माहा मानूस आहे. लिहा."